कोणासाठी कोण उभं राहतं

समजा, तुम्ही बायकांच्या सज्जातल्या लाकडी जाळीला नाक लावून खाली बघताय. शेजारी आई बसली आहे. खाली पुरुषांचे बाक आहेत, मधोमध चौथरा, चौथऱ्यावर तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उलगडून ठेवलेली. कलिना अशीच बघत होती. आता कुठल्याही क्षणी तिच्या बाबांचं नाव पुकारलं जाणार होतं.

बल्गेरियातल्या प्लोव्दिव गावच्या या ज्यू प्रार्थनाघरात एक जुनी रीत आहे. तोरा वाचायला एखाद्याला वर बोलावलं की त्याची मुलं, धाकटे भाऊ, पुतणे, नातवंडं आपापल्या जागी उभी राहतात. तो परत येऊन बसेपर्यंत कोणी खाली बसत नाही. कोणाचं घर किती भरलेलं आहे, ते अशा वेळी सगळ्यांना दिसतं.

"आमचे पणजोबा गेले ना वर, की दोन बाक रिकामे होतात," दुसऱ्या बाजूला बसलेली रेयना तिच्या कानाशी लागून म्हणाली. "तुझ्या बाबांसाठी कोण उभं राहणार गं?"

"मी."

"तू एकटी? तीही जाळीमागे? खालून दिसणार तरी आहेस का?"

कोण होतं उभं राहायला? ती आणि आई-बाबा, तिघंही गेल्या महिन्यात विधीच्या कुंडात डुबकी मारून ज्यू झाले होते. वासिलकाकांना, बाबांच्या सख्ख्या धाकट्या भावाला, तिने स्वतः जाऊन बोलावलं होतं. 'नुसते येऊन बसा, आणि बाबांचं नाव आलं की उभे राहा,' एवढंच मागितलं होतं. वासिलकाकांनी दारातूनच उत्तर दिलं होतं, "तुझ्या बापाला सांग, त्याला आता भाऊ उरला नाही." हा निरोप तिने बाबांना अजून दिला नव्हता.

"आशेर, आपल्या पित्याचा, अब्राहामाचा पुत्र!" खालून पुकारा झाला.

आशेर हे बाबांचं नवं नाव, आणि बाहेरून आलेल्याला असंच बोलावतात. इतरांच्या नावापुढे त्यांच्या बापाचं नाव लागतं, याच्या नावापुढे सगळ्या ज्यूंच्या मूळ पुरुषाचं.

बाबा उठले. पांढरी शाल सावरत चौथऱ्याकडे निघाले. कलिना ताडकन उभी राहिली. खाली कोणीच हललं नाही. बाक भरलेले ते भरलेलेच. बाबांच्या बुटांचा आवाज तेवढा घुमत होता, आणि त्यांची मान खाली गेली होती.

तेवढ्यात एक बाक करकरला.

पहिल्या रांगेतले बुको आजोबा उठत होते. रेयनाचे पणजोबा, गावातल्या ज्यूंमध्ये सगळ्यांत वडील. त्यांच्यासाठी सगळे उभे राहत. ते कोणासाठी उभे राहत नसत. थोरला भाऊ होता तोवर त्याच्यासाठी राहत, पण त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आणि बाबा ज्यू व्हायचंय म्हणून आले की त्यांना दर खेपेला दारातून परत पाठवणारेही हेच. 'बघू, पुढच्या वर्षी ये,' म्हणायचे. बाबा पुढच्या वर्षी यायचे.

त्यांच्या मुलाने, निसिमने, त्यांची बाही ओढली. "बाबा, बसा की. आपल्यातलं कोणी नाही ते."

बुको आजोबांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांची कुजबुजही वरच्या जाळीपर्यंत पोचायची.

"नाव नाही ऐकलंस? अब्राहामाचा मुलगा. आणि मी कोणाचा? बहिरा मी, का तू?"

"अहो, पण धाकट्याने थोरल्यासाठी उभं राहायचं असतं! तुम्ही नव्वदीचे, तो चाळिशीचा."

बुको आजोबांनी दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली आणि पाठ सरळ केली.

"मला हे सगळं पाळण्यात मिळालं, निसिम. काही करावं लागलं नाही. हा आपल्या पायांनी चालत आला. मी दार लावत राहिलो, तरी येत राहिला. मग सांग, आमच्यात थोरला कोण?"

निसिमने त्यांची बाही सोडली. मग उठला. थोरल्या काकांसाठी पुतण्याला उठावंच लागतं. त्याच्यामागे त्याचे मुलगे उठले, नातू उठले. पलीकडचे बाक उठले. लाकूड नुसतं करकरत होतं. बाबांनी चौथऱ्यावरून वळून पाहिलं, तर अख्खं प्रार्थनाघर उभं. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत आला.

बाबा जागेवर येऊन बसले, तेव्हाच सगळे बसले. आईने डोळे पुसले. रेयना थोडी सरकली आणि जाळीजवळची चांगली जागा तिने कलिनाला दिली.

मग आणखी दोघं वाचून आले. शेवटी बुको आजोबांचं नाव पुकारलं गेलं. खाली नेहमीसारखे दोन बाक उठले. वर रेयना उठली, आणि तिच्याबरोबर कलिनाही.

"तू कशाला?" रेयना म्हणाली. "माझे पणजोबा आहेत ते."

"असतील," कलिना म्हणाली. "माझे धाकटे काका आहेत."

आणि ते म्हातारे काका हळूहळू परत येऊन बाकावर टेकेपर्यंत ती बसली नाही.