दांडीवरचा शर्ट

"चाला, नाहीतर हृदय दगा देईल," असं डॉक्टरांनी बजावल्यावर नवरोबांनी काय केलं? समोर मोकळी बाग असताना घरात ट्रेडमिल आणली. आठवडाभर मिरवली, मग तिची झाली कपडे वाळत घालायची दांडी.

"चला हो माझ्याबरोबर बागेत," बायको रोज कानीकपाळी ओरडायची.

"घरात मशीन आहे ना!" खुर्चीतून उत्तर यायचं.

आज तिने दांडीवरचा त्याचा शर्ट काढायला हात घातला, तर तो ओलाच. कालही तसाच होता. वास घेतला, तर साबणाचा नाही, घामाचा.

तिचं डोकंच फिरलं. "मी इथे मरमरून धुते आणि तुम्ही अंगात घालून परत टांगता? लाज नाही वाटत?"

"सकाळपासून मी उठलोय तरी का?" पेपरामागून तो हसला. "माझ्या वाटचं तो शर्टच चालत असेल!"

"जळला तुमचा विनोद!" म्हणत तिने शर्ट ओढला आणि थबकली. शर्ट कोमट होता. खिशाखाली काहीतरी धडधडत होतं, धाप लागलेल्या माणसासारखं.

"अहो!"

पेपर हलला नाही. तिच्या तळहाताखाली एक ठोका चुकला. मग दुसरा.