पाण्याकाठचा नियम

ऋजुताच्या पायाशी पाणी गढूळ झालं. आधी चार वाळकी पानं वाहत आली, मग काटक्या, मग मातकट फेस. खाली अमझेरा गावाकडे कडक ऊन होतं, पण वर डोंगरात कुठेतरी धो धो पाऊस झाला होता. नाला चढत होता.

तिचे बाबा, नीलकंठराव, मधल्या खडकावर पाठमोरे उभे होते. खडकाआडचा डोह अजून नितळ होता आणि त्यांची नजर त्यातल्या माशावर खिळलेली. बँकेच्या नोकरीत हिमाचलात असताना त्यांना ट्राउट मासे पकडण्याचा नाद लागला. इकडे ट्राउट कुठली! पण रिटायर होऊन धारला परतले तरी दोरीला पिसांची खोटी माशी बांधून ओढ्यानाल्यांवर फिरणं काही सुटलं नाही. ऋजुतालाही त्यांनीच शिकवलं. पाण्यावर सावली पाडायची नाही, मनगट सैल ठेवायचं. आणि दोन वर्षांपूर्वी एक नवा नियम काढला. पाण्याकाठी अवाक्षर बोलायचं नाही, मासे बुजतात.

म्हणून तिने आधी नुसते हात हलवले. वेडीच ती! पाठमोऱ्या माणसाला हात दाखवून काय उपयोग? तेवढ्यात काठ आणि खडक यांच्यामधलं पाणी मांडीएवढं झालं.

"बाबा! पाणी चढतंय! जल्दी बाहेर या!"

ते हलले नाहीत. ती पुन्हा ओरडली, गळा फाटेस्तोवर. नियम मोडला म्हणून रागावले असतील, मुद्दाम बघत नसतील, असं तिला वाटलं आणि भीतीत संतापही मिसळला. एका माशापायी जीव द्यायचा? दगड मारावा तर डोक्यात बसायचा. आत उतरावं तर दोघंही वाहून जायची.

हातात तिची स्वतःची गळाची काठी होती. पहिली फेक वाऱ्यावर गेली. तिने श्वास रोखला, मनगट सैल सोडलं आणि पुन्हा दोरी फेकली. माशी बाबांच्या खांद्यावर पडली. तिने हिसका दिला तसा गळ सदऱ्यात रुतला.

नीलकंठराव दचकून वळले. समोरचा लोंढा पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काठी टाकून ते पाण्यात उतरले, अडखळले, कमरेपर्यंत बुडाले. ऋजुताने वाकून त्यांचं मनगट पकडलं आणि सगळा जीव एकवटून ओढलं. दोघं काठावर कोसळली. तिने मागे पाहिलं तेव्हा खडक दिसत नव्हता.

"मी किती ओरडले, बाबा! ऐकलं का नाही?" ती रडत म्हणाली.

ते शब्द वाचावेत तसे तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "आईला सांगू नकोस हं. दोन वर्षं तिला वाटतंय, मी उलट बोलत नाही म्हणजे सुधारलो."