बाविसावं वजन

कापडी बाहुलीच्या छातीवर हात ठेवून मी विचारलं, “इथं कुणी हात लावला तर काय म्हणायचं?”

“ना-ही!” एकवीस पोरं सुरात ओरडली. दर बुधवारी पाढे म्हटल्यासारखी ओरडतात. बाविसावी ईश्वरी गप्पच. जूनपासून अंगणवाडीत येते, पण तिच्या तोंडून मी अजून शब्द ऐकला नव्हता.

मग वजनं. सुपरवायझर मॅडमना ती आजच मोबाइलवर भरून हवी होती. मदतनीस रजेवर आणि माझी कंबर सकाळपासून धरलेली. एकेक पोर काखेत हात घालून उचलायचं, काट्याच्या झोळीत ठेवायचं, आकडा लिहायचा, खाली काढायचं. एकवीस झाली. शेवटी ईश्वरीला उचललं.

“नाही.”

“गप गं, दोन मिनिटांचं काम आहे.”

ती रडली नाही. तिनं बाहुलीकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, “नाही.”

माझे हात तिच्या काखेतच होते. उचलण्याआधी मी कुणालाच विचारलं नव्हतं. आज नाही, गेल्या सोळा वर्षांत नाही. मी तिला खाली ठेवलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “ताई, एक वजन कमी आहे. मुलगी गैरहजर होती का?”

“हजर होती. नाही म्हणाली.”

“अहो, साडेतीन वर्षांची पोर ती! आणि तुम्ही ऐकलंत?”

“मीच ऐकलं नसतं, तर ती पुन्हा कुणाला नाही म्हणाली असती, मॅडम?”