वीसच्या पुढे

रक्त तपासायच्या यंत्राच्या पडद्यावर वीस आला. कालच्या नोंदीतही वीसच होता.

"मग, काय म्हणतोय आमचा लिंबू?" प्रयोगशाळेच्या खिडकीत डोकं घालून बापाने विचारलं. बाळ चार दिवसांचं, काविळीने पिवळंधमक. नाव अजून ठरलं नव्हतं.

"आकडा तोच आहे," यंत्रापाशी बसलेली तंत्रज्ञ म्हणाली.

"तोच? म्हणजे वाढली नाही की! हिला सांगून येतो, बाई. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही तिचा."

"थांबा. अजून काहीच सांगू नका."

काल तिची सुट्टी होती, नाहीतर हा आकडा तिने कालच धरला असता. हा वीस तिला झोपेतही दिसायचा. नऊ वर्षांपूर्वी एका बाळाच्या रक्ताने याच पडद्यावर तीन दिवस लागोपाठ वीस दाखवला होता. तिन्ही दिवस तिने 'स्थिर' लिहून सही केली होती, आणि वर सुटकेचा निःश्वास टाकला होता.

नमुना जितका दाट, तितका जास्त प्रकाश तो गिळतो आणि आकडा चढतो. पण फारच दाट झाला की पलीकडे प्रकाश पोचतच नाही. मग यंत्र वीसवर टेकतं आणि तिथेच बसून राहतं. खरी कावीळ त्याच्या वर कुठेही असू शकते. हे तिला त्या तीन दिवसांनंतर कळलं होतं.

तिने नमुन्यात तितकंच सलाईन घातलं. वीस खरा असता, तर निम्मा पातळ झाल्यावर दहा यायला हवा होता.

पंधरा आला.

तिने फोन उचलला. "डॉक्टर, वीस नाही. तीस."

तासाभरात बाळाचं रक्त बदलायला घेतलं. संध्याकाळी डॉक्टर प्रयोगशाळेच्या दारातच बापाला सांगत होते, "वेळेत कळलं म्हणून. ही कावीळ मेंदूत शिरली की कान जातात."

"मघाशी ट्रे पडला तर केवढ्याने दचकला!" बाप हसत होता आणि डोळे पुसत होता. "बाई, तुम्हाला कसं हो सुचलं?"

तिने यंत्र बंद केलं आणि पर्स उचलली.

घरी पोचल्यावर तिने हाक मारली नाही. दाराजवळचं बटण दोनदा खाली-वर केलं. दिवा लुकलुकला, तेव्हा पाठमोरा बसलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा वळून हसला.