मासोएला पाव मिळणार नाही

"पाव आहे?" मासोएनं विचारलं.

"आहे. तुला नाही," टेलेसिया म्हणाली.

बाहेरगावचा पाववाला सेफो गाडीतून पावाचे ट्रे उतरवत होता. महिनाभर तो हेच ऐकत होता. दुपारी त्याची गाडी आली की गाव दुकानापाशी जमायचं, आणि नेमका तेव्हाच मासोए यायचा. धुतलेली लुंगी, विंचरलेले पांढरे केस. पाव मागायचा, नकार ऐकायचा, "नाव सांग" ऐकायचा, जरा वेळ उभा राहायचा आणि घरी जायचा.

गावकीनं त्याला वाळीत टाकलं होतं. बेटावरच्या या गावात रविवारी समुद्रात जायला मनाई होती. तरी सगळं गाव चर्चमध्ये असताना त्यानं समुद्रात होडी घातली होती. प्रार्थना संपवून पाद्री बाहेर आला तेव्हा लांब पाण्यावर होडी दिसली. होडीत दोन डोकी होती. लोक किनाऱ्यावर पोचेपर्यंत मासोए एकटाच होडी ओढत वर आला.

दुसरा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी चर्चला न आलेल्या पाचही पुरुषांना गावकीनं उभं करून विचारलं. पाचही जण घरीच होते, साक्षीदार होते. मग गावकीनं ठरवलं, नाव सांगितलं तर मासोएला माफी. त्या दुसऱ्याला मात्र घरदार सोडून कायमचं जावं लागेल. नाव सांगेपर्यंत मासोएशी कुणी बोलायचं नाही, त्याला कुणी काही विकायचं नाही. दुकानदारानं नाही म्हणावं आणि नाव विचारावं, तेवढी मुभा. महिन्यात नाव आलं नाही, तर मासोएनंच गाव सोडायचं.

आज महिना भरला होता.

ओट्यावर चार म्हातारे पत्ते खेळत होते. मासोएशी बोलता येत नव्हतं, म्हणून ते कुत्र्याशी बोलत होते.

"काय रे, रविवारी मासे मारणाऱ्याला पाव कशाला लागतो?"

"त्याला विचारू नको बाबा. त्याची वाचा बसलीय."

"होडी बांधायला शिकला, पण बायको काही आणता आली नाही. आता घरही गेलं."

मासोए ऐकत होता. होड्या त्यानंच बांधल्या होत्या, ओट्यावरच्या चौघांच्यासुद्धा.

सेफोनं शेवटचा ट्रे फळीवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "मावशी, दुकान कुणाचं?"

"माझं."

"मग गावकी कोण सांगणार, कुणाला विकायचं ते? मी राजधानीतल्या वकिलाला विचारलंय. अशी बंदी कोर्टात टिकत नाही म्हणतो."

"वकील येणार आहे का इथं राहायला?"

"नको तर नको. पण माणूस महिनाभर उकडलेल्या नीरफणसावर जगतोय. तुला काहीच वाटत नाही?"

"तू पाव मोज," टेलेसिया म्हणाली.

ती गावच्या आधीच्या प्रमुखाची विधवा. बावीस वर्षं त्याच दुकानात, त्याच खिडकीमागे बसलेली. खिडकीतून रस्ता दिसायचा, चर्च दिसायचं, समुद्र दिसायचा नाही.

मासोए अजून उभा होता.

"गेला नाहीस?" तिनं विचारलं. आवाज मोठा होता. पत्ते थांबले.

"जातोच आहे."

"एक नाव सांगायचं. एवढं काय जड आहे? आत्ता सांग, सगळ्यांसमोर. पाव घे, घरी जा. तुझं घर, तुझी होडी, तुझी माडाची झाडं. सगळं राहील तुझं."

"नाव नाही."

"नाव सांग, मासोए."

"नाही सांगणार, टेलेसिया."

तिचा हात खिडकीच्या चौकटीवर होता.

"मग पाव नाही," ती म्हणाली. "आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

"शाबास पोरी," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. "तुझा नवरा असता तर हेच म्हणाला असता."

तिनं खिडकी लावून घेतली. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी. बायका थोडा वेळ कुरकुरल्या, मग थांबून राहिल्या.

गाव सोडताना मासोएकडे एक पेटी आणि गुंडाळलेली चटई एवढंच सामान होतं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बहीण राहायची. सेफो म्हणाला, "काका, बसा. मी तिकडेच चाललोय."

गावाची हद्द संपली तशी सेफोनं गाडी बाजूला घेतली. मागून एक पाव आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"इथं तुमची गावकी नाही. खा."

मासोएनं पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"ही बाई दगड आहे," सेफो म्हणाला. "महिनाभर एवढ्या लोकांसमोर तुमचा अपमान करत होती. मी तुमच्या जागी असतो तर फिरकलो नसतो. रोज कशाला जात होता?"

"दुसरं कुणी बोलत नव्हतं ना माझ्याशी."

"हे काय बोलणं झालं?"

मासोए काचेतून मागे बघत होता. रस्त्यावर धूळ होती, गाव दिसत नव्हतं.

"आज ती जे म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं ना?"

"पार चर्चपर्यंत ऐकू गेलं असेल."

"मग तिच्यावर कुणी संशय घेणार नाही," मासोए म्हणाला. "रोज सांगत होती बिचारी, माझं नाव सांगून टाक म्हणून. चर्चमधलं गाणं पाण्यावरून कसं ऐकू येतं, ते तिला एकदा ऐकायचं होतं. म्हणून नेली होती होडीतून."