लोंबती मुळं

साहेबांनी कागद कापायची कात्री उघडली आणि पहिल्या ऑर्किडचं मूळ कचकन कापलं. माळीणबाई बघत राहिल्या. सहा वर्षं सांभाळलेली अकरा रोपं. प्रत्येकाची मुळं कुंडीबाहेर आलेली, रुपेरी, टोकाला पोपटी. उद्या मोठे साहेब येणार होते आणि ऑफिसच्या दर्शनी खिडकीत काही लोंबलेलं दिसायला नको होतं.

बाईंनी सांगून पाहिलं. ही मुळं हवेतला ओलावा पितात, टोक पोपटी आहे तोवर ती वाढतायत, मातीत कोंबली की कुजतात. म्हणून तर कुंडीत नुसते सालीचे तुकडे आणि कोळसा. साहेब हसले. हसताना ते नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत.

"बाई, मूळ मातीत असतं. हे शाळेत शिकवतात."

बाई शाळेत चारच वर्षं गेल्या होत्या, पण बिनडोक माणूस ओळखायला तेवढी पुरली होती.

अकराही रोपांची मुळं छाटून झाली. साल आणि कोळसा कचऱ्यात गेला, शिपायानं कुंड्यांत काळी माती ठासून भरली. साहेबांनी गड जिंकल्यासारखे हात झटकले. फुलं मात्र तशीच टवटवीत होती. ती अजून महिनाभर तशीच राहणार, उद्याची शाबासकी साहेबांना मिळणार आणि पानं लोळायला लागली की खापर बाईंवर फुटणार. आधीचा माळी असाच गेला होता. रोज बादलीभर पाणी घाल म्हणणारे हेच, आणि झाडं मेल्यावर त्याला हाकलणारेही हेच. बाईंच्या घरात तर कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी कुंड्यांत खोचायच्या अकरा प्लास्टिकच्या पट्ट्या साहेबांपुढे ठेवल्या. काय केलं, कधी केलं, कुणी केलं, ते पट्टीवर लिहायची पद्धत असते, म्हणाल्या.

"एवढं सगळं तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत. मोठ्या साहेबांना कळायला नको?"

साहेब खुलले. 'मुळं छाटून माती भरली' असं लिहून सही ठोकायला त्यांनी खिशातलं भारीतलं पेन काढलं.

"पेन नको, साहेब." बाईंनी पेन्सिल पुढे केली. "शाई पाण्यानं जाते. पेन्सिलीचं वर्षानुवर्षं राहतं."

साहेबांनी अकरा वेळा दाबून सही केली.