डिनीची जर्सी

फोटो बघून हॅनोरा हार्टनेटने आधी चूल सारखी केली, हात पुसले, आणि मगच तोंड उघडलं.

"जेरोम, हे काय करून आणलंस?"

जेरोम क्रोनिन, लिमरिकच्या रग्बी क्लबचा सेक्रेटरी, दारातच अवघडून उभा होता. आयर्लंडकडून खेळलेल्या प्रत्येक गड्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर लागे. महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढताना फ्रान्समध्ये पडलेला तिचा मुलगा डिनी तेवढा राहिला होता. क्लबच्या फोटोंत हा पठ्ठ्या कधी स्थिर बसलाच नाही, दर वेळी तोंडाच्या जागी नुसता धूसर डाग. म्हणून तिने घरातला एकुलता एक फोटो दिला होता, लष्करी गणवेशातला. आता त्या गणवेशावर क्लबची लाल-पांढरी जर्सी रंगवलेली होती.

"फोटोवाल्याचा हात चांगला आहे, काकू. जवळून बघितलं तरी कळत नाही."

"मला कळतं ना. जर्सीत हा असा छाती काढून कधी उभा होता? कायम बैलासारखा मान खाली घालून घुसायचा."

जेरोमने आवाज खाली आणला. "दिवस कसलेत ते बघताय ना. इंग्रजांचे शिपाई रोज कुणाचं तरी दार फोडतायत. त्यांचाच गणवेश भिंतीवर लावला तर त्यांच्याशी लढणारी आपलीच पोरं हॉल पेटवतील."

"आणि तो निघाला तेव्हा स्टेशनपर्यंत बँड कुणी लावला होता? नको जाऊस म्हणून मी घसा फोडत होते, आणि तू त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतास."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, काकू."

हॅनोराला अगदी वीट आला. म्हणे वेगळी! पोर तेच, गाव तेच, नाचणारेही तेच. तिने ॲप्रनचं टोक पाण्यात बुडवलं आणि फोटोवर घासायला लागली. जेरोम नुसता "अहो, अहो" करत राहिला. लाल रंग ओघळून तिच्या बोटांवर आला, खालून गणवेशाची बटणं एकेक करून वर आली. चेहऱ्याला तिने धक्का लागू दिला नाही.

"पण भिंतीवर खिळा ठोकून झालाय, काकू."

"मग राहू दे ठोकलेला. त्यावर काही लावू नकोस."

"रिकामा खिळा बघून लोक विचारतील."

"विचारू देत की. विचारलं की तू सांग, कुणाची जागा आहे, कसा मेला, आणि त्याला गाडीत बसवून द्यायला कोण कोण गेलं होतं."